ड्रुसिलाचं माप

मार्च सरता सरता गारपीट झाली आणि ओडेसाच्या रोपांच्या पेटीवरच्या काचा फुटल्या. केंटकीच्या त्या डोंगरपायथ्याला मार्चमध्ये गारा पडणं नवलाचं नव्हतं, आणि फुटलेल्या काचा बदलणं तर त्याहून नव्हतं. चार फळ्यांची चौकट, तळाशी शेणखत घातलेली माती, वर काचेचं झाकण आणि आत उबेला बसलेली कोबीची कोवळी रोपं. झाकण उघडं राहिलं असतं तर एका थंड पहाटेत सगळी करपली असती. ओडेसानं गारा झाडल्या, वर गोणपाट टाकलं आणि ओल्या हातांनीच ती ओसरीवर आली.

एम्मेट स्टॅम्पर, तिचा नवरा, खुर्चीत बसून कॅमेऱ्याचं भिंग पुसत होता.

"मिस्टर स्टॅम्पर, मला सहा काचा हव्यात."

"झराघरात बघ," तो मान वर न करता म्हणाला. "खालच्या खोक्यात बिघडलेल्या प्लेटा आहेत. धुण्याच्या सोड्यात उकळल्यास की चित्र सुटून येतं, साधी काच उरते. पण खालच्याच खोक्यातल्या हं. वरच्याला हात लावू नकोस."

"माहीत आहे."

माहीत तर होतंच. लग्नाला चार वर्षं झाली होती. स्वतःच्या ट्रंकेत काय आहे हे ती एखाद वेळ विसरली असती, पण त्या वरच्या खोक्यात काय आहे हे विसरणं तिला शक्य नव्हतं. त्या खोक्यात ड्रुसिला होती.

ड्रुसिला म्हणजे एम्मेटची पहिली बायको. एम्मेट पोटासाठी गावातल्या लग्नांचे, बाळांचे, शाळेतल्या वर्गांचे फोटो काढायचा. जीव मात्र त्याचा जुन्या दगडी घरांत अडकलेला. डोंगर ओलांडून आलेल्या पहिल्या माणसांनी चुनखडीच्या दगडात बांधलेली घरं, प्रार्थनाघरं, गिरण्या, धुराडी. वर्षानुवर्षं तो मोठा कॅमेरा गाडीत घालून ती धुंडाळत हिंडला आणि एकेक करून काचेवर उतरवत गेला. आता नुसत्या फोटोवरून भिंत किती उंच ते कळत नाही, शेजारी कुणीतरी उभं असावं लागतं. ते कुणीतरी म्हणजे ड्रुसिला. उंची पाच फूट चार इंच. पांढरं एप्रन, हात खाली सोडलेले, नेहमी दाराच्या डाव्या अंगाला. तिच्यावरून दार मोजावं, दारावरून भिंत, भिंतीवरून अख्खं घर.

त्या वर्षी विद्यापीठानं जुन्या दगडी घरांचं एक जाडजूड पुस्तक काढायचं ठरवलं आणि एम्मेटकडे दोन डझन प्लेटा मागितल्या. मे महिन्यात माणूस येऊन घेऊन जाणार होता. एम्मेटचा आनंद गगनात मावेना. ओडेसालाही आधी आनंद झाला, नाही असं नाही. मग भांडी घासता घासता तिच्या ध्यानात आलं, की जेवढी पानं तेवढ्या ड्रुसिला. आणखी शंभर वर्षांनी कुणी ते पुस्तक उघडलं तरी दाराशी तीच उभी असणार. एम्मेट स्टॅम्परला ओडेसा नावाची बायको होती, हे कुणाच्या गावीही नसणार.

तिनं एकदा विचारून पाहिलं.

"थोडे फोटो पुन्हा काढले तर? मी उभी राहीन."

"कशाला? दगड तेच आहेत."

"दगड तेच आहेत, पण बाई..."

"बाई कुठंय त्यात?" एम्मेट चक्क हसला. "ती फूटपट्टी होती गं, ओडेसा."

"मग मलाही फूटपट्टी करा ना."

तो हसायचा थांबला, उठला आणि कोंबड्यांना दाणे टाकायला गेला. कोंबड्यांना दाणे ओडेसानं केव्हाच टाकले होते.

सवत जिवंत असती तर बरं झालं असतं. तिच्याशी भांडता आलं असतं, तिच्या स्वयंपाकाला नावं ठेवता आली असती, ती जाड होताना, म्हातारी होताना पाहता आली असती. ही मेलेली. पाच हिवाळ्यांमागे एम्मेटला बर्फातल्या प्रार्थनाघराचा फोटो हवा होता, म्हणून ती बर्फात उभी राहिली, छातीत थंडी भरली आणि आठवड्याभरात गेली. तेव्हापासून ती जेवढी होती तेवढीच. ओडेसा तिच्याहून तीन इंच उंच. त्या घरातल्या खुंट्या, फळ्या, कपाटाच्या कड्या सगळ्या ड्रुसिलाच्या हाताच्या बेतानं ठोकलेल्या, त्यामुळे शाल अडकवायला गेली की ओडेसाचा हात दर वेळी खुंटीच्या वरच्या भिंतीवर पडायचा. चार वर्षांत त्या हाताला सवय झाली नव्हती. ड्रुसिला नवऱ्याला 'अरे एम्मेट' म्हणायची, हेही गावातल्या बायकांनी ओडेसाला आवर्जून सांगितलं होतं. ओडेसाच्या तोंडून 'मिस्टर स्टॅम्पर'च्या पुढे काही निघालं नव्हतं.

झराघर घरामागच्या उतारावर होतं. झऱ्यावरच बांधलेली ती बुटकी दगडी खोली. पूर्वी तिथे दूध-लोणी थंड ठेवत, आता एम्मेट तिथे फोटो धुवायचा. खिडकी बुजवलेली होती. दार लोटलं की बाहेरचा दिवस बाहेरच राहायचा. ओडेसानं लाल दिवा लावला. फरशीतल्या चरातून पाणी वाहत होतं. कान दिला तर कुणी तोंडातल्या तोंडात काही पुटपुटत असल्यासारखं वाटायचं, म्हणून ती सहसा कान देत नसे. ओल्या दगडाचा वास, आणि त्यावर फोटो धुवायच्या औषधाचा आंबूस वास. हा वास कपड्याला लागला की लवकर जात नाही.

खालचं खोकं समोरच होतं. तिनं ते ओढलंही. मग हात थांबला आणि वरच्या खोक्याकडे गेला.

तिनं एकेक काच दिव्यापुढे धरली. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं: उजळ भिंती काळ्या, अंधारं दार लख्ख, आणि दाराशी पांढऱ्या एप्रनची ती काळीकुट्ट बाहुली, बोटाच्या पेराएवढी. तोंड मसुराएवढं आणि त्यात दोन पांढरे ठिपके.

"इथे उभी आहेस होय," ओडेसा हळूच म्हणाली. "ये, बाहेर ये जरा. ऊन खा."

तिनं सहा काचा काढल्या, आणि त्या सोड्यात उकळल्या नाहीत. उकळल्या असत्या तर ड्रुसिला घटकाभरात गेली असती. ओडेसाला ते नको होतं. उन्हात ठेवलेल्या काचेवरचं चित्र हळूहळू विटतं आणि शेवटी पार उडून जातं, हे फोटोवाल्याच्या घरात सगळ्यांना ठाऊक असतं. ड्रुसिला तशी जायला हवी होती. रोज थोडी थोडी, आणि ओडेसा समोर बसून पाहत असताना. सवतीमत्सर म्हणतात तो हाच, आणि त्याची तिला त्या दिवशी जराही लाज वाटली नाही.

एप्रिलभर दुपारचं जेवण उरकलं की ती परसात जाऊन पेटीपाशी बसायची. बाह्या वर करायच्या, हात झाकणाखाली घालायचा, दाटलेली रोपं विरळ करायची, माती चाचपायची. काम संपलं तरी हात तसाच काचेखालच्या उबेत ठेवून ती बघत राहायची. एम्मेट भाजीच्या वाफ्यांकडे कधी फिरकत नसे. चित्रं खरोखरच विटू लागली होती. आधी छपरांच्या कडा पुसट झाल्या, मग धुराडी विरली, मग भिंतीतल्या दगडांचे सांधे दिसेनासे झाले. बाहुल्या अजून होत्या, पण घाई कुठे होती? ओडेसाला इतकं बरं माहेरीसुद्धा कधी वाटलं नव्हतं. एखाद्या दुपारी ढग आले तर तिची चिडचिड व्हायची.

महिनाअखेर एम्मेटनं वरचं खोकं उघडलं.

"ओडेसा," त्यानं हाक मारली. "ह्यातल्या सहा कुठं आहेत?"

तिनं उत्तर तयारच ठेवलं होतं. "गारपिटीच्या दिवशी खोकं सरकवताना हातातून सुटल्या. सांगायचा धीर झाला नाही. तुकडे पुरून टाकले."

तो ओरडला असता तर तिला सोसलं असतं. तो खोक्याच्या काठाला धरून खाली बसला आणि कुठल्या सहा गेल्या ते आठवून आठवून बोलू लागला. प्रत्येक घराचं नाव घेताना त्याचा आवाज आणखी खाली जात होता. त्यातली पाच घरं आता उभीच नव्हती. नव्या हमरस्त्याच्या खडीसाठी त्यांचे दगड फोडून झाले होते.

"राहिलं फक्त हॅचरांचं," तो शेवटी म्हणाला. "तेवढं तरी पुन्हा काढू. तू उभी राहशील?"

ओडेसानं नुसती मान डोलावली. बोलली असती तर आवाजातला हर्ष कळला असता. दुसऱ्या सकाळी तिनं पांढरं एप्रन घातलं नाही. स्वतःचा निळा झगा इस्त्री करून घातला.

हॅचरांचं घर ओढ्यापलीकडच्या टेकाडावर होतं. दोन मजली, दोन्ही टोकांना दगडी धुराडी, दारावर एकच लांब शिळा. मिस पर्मेलिया हॅचर ऐंशीच्या पुढच्या, तिथे एकट्या राहायच्या आणि तिकडच्या जुन्या रिवाजाप्रमाणे अंगणात गवताची काडी उगवू द्यायच्या नाहीत. रोज सकाळी खराट्यानं माती झाडून अशी रेघारेघांची करायच्या, की कोंबडी चालत गेली तरी माग दिसावा.

"एम्मेट! जिवंत आहेस होय अजून?" म्हातारी ओसरीवरून ओरडली. मग तिनं ओडेसाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "आणि ही कोण? केवढी उंच!"

"माझी बायको, मिस पर्मेलिया. ओडेसा."

"ती कुठं गेली? 'अरे एम्मेट, अरे एम्मेट' करत मागे मागे हिंडायची ती?"

"ती वारली. पाच वर्षं झाली."

"हो का?" म्हातारीनं गाडीकडे पाहिलं. "मला वाटलं, मागच्या दारानं उतरतेय."

उघड्या दारातून चुलीवरची भिंत दिसत होती, आणि त्या भिंतीवर एम्मेटनं तेव्हा भेट दिलेला ह्याच घराचा फोटो चौकटीत टांगलेला होता. त्यात कोण उभं असणार हे पाहायला ओडेसाला जवळ जायची गरज नव्हती. तिनं तिकडे पाठ केली.

एम्मेटनं तिकाटणं रोवलं, कॅमेरा चढवला आणि मापाची काठी घेऊन तो ओडेसापाशी आला.

"बूट सपाट आहेत ना?"

"आहेत."

"तरी तीन इंच जास्त होतंय."

"मग होऊ दे की. पुस्तकात लिहा, ही बाई पाच फूट सात इंच म्हणून."

"बाकी सगळ्या फोटोंत एक माप आणि ह्यात दुसरं? वाचणारे गोंधळतील." असं म्हणून तो गाडीपाशी गेला आणि फावडं घेऊन आला. दाराच्या डाव्या अंगाला, झाडलेल्या मातीत, तो खणू लागला.

"हे काय करताय?"

"काही नाही गं. तीनच इंच."

"एम्मेट स्टॅम्पर!" ओसरीवरून म्हातारी कडाडली. "माझं झाडलेलं अंगण खणतोस? थडगं खणायचं तर चर्चमागे जाऊन खण ना मेल्या!"

एम्मेट हसला. ओडेसाच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण ती त्या उथळ खड्ड्यात उतरली. उतरायचं ते कितीसं, तरी दार, खिडक्या, सगळंच एकदम उंच झाल्यासारखं तिला वाटलं. डोळ्यांत रागाचं पाणी आलं, ते तिनं पुसून टाकलं. ड्रुसिलाच्या जागी आणि ड्रुसिलाच्या मापात का होईना, पुस्तकात चेहरा ओडेसाचा छापला जाणार होता. त्यासाठी ती गुडघाभर खड्ड्यातसुद्धा उभी राहिली असती.

एम्मेट काळ्या कापडाखाली शिरला. आतून त्याचा आवाज दबका येऊ लागला.

"थोडी उजवीकडे... अजून... अजून थोडी सरक. तिला जागा दे."

वारा पडला होता. ओढ्याचं पाणीसुद्धा ऐकू येईनासं झालं होतं.

"कुणाला?" ओडेसानं विचारलं.

कापड हललं नाही.

"मिस्टर स्टॅम्पर... कुणाला जागा?"

तो बाहेर आला. केस विस्कटलेले, चेहरा घामेजलेला. "काय म्हणालीस?"

"तुम्ही आत्ता म्हणालात... तिला जागा दे."

"मी? मी कुठं काय बोललो? मी तर भिंग लावत होतो." त्याला खरंच काही आठवत नव्हतं, हे त्याच्या तोंडावरून दिसत होतं. "चल, ऊन सरकतंय. दहा मोजेपर्यंत श्वास धरून ठेव. हललीस तर पुसली जाशील."

त्यानं भिंगावरचं झाकण काढलं आणि मोजायला सुरुवात केली.

तीन म्हणेपर्यंत काही झालं नाही. मग ओडेसाच्या डाव्या बाजूचं ऊन गेलं. सावली पडली नव्हती, फक्त त्या बाजूची ऊब नाहीशी झाली. ओल्या दगडाचा वास आला, आणि त्यावर तो आंबूस वास, झराघरातला. तिच्या दंडाला काहीतरी टेकलं. थंड, भिजून वाळलेलं सुती कापड असावं तसं. शेजारी कुणीतरी ऐसपैस उभं राहत होतं, रोजची जागा असल्यासारखं...

तिला ओरडावंसं वाटलं. मान वळवावीशी वाटली. पण वळवली की आपण फोटोतून गेलो, हे तिला पक्कं माहीत होतं, आणि भीतीहून तिचा मत्सर मोठा होता. इथे तरी मी हरणार नाही, ती मनात म्हणाली. तू मेलीस, मी जिवंत आहे. मी हलणार नाही. ती कॅमेऱ्याच्या भिंगाकडे बघत राहिली. पापणीसुद्धा तिनं लवू दिली नाही.

"...दहा," एम्मेट म्हणाला आणि झाकण लावलं.

ऊब परत आली. ओडेसानं खाली पाहिलं. झाडलेल्या अंगणात खड्ड्यापर्यंत आलेली तिच्या बुटांची पावलं होती, एम्मेटची होती. आणि खड्ड्याच्या डाव्या काठाबाहेर, जिथे कुणीच गेलं नव्हतं, तिथल्या खराट्याच्या रेघा दबून सपाट झाल्या होत्या. तिथे येणारी पावलं नव्हती, आणि जाणारीही नव्हती. मिस पर्मेलिया खराटा घेऊन खाली आल्या, त्यांनी त्या जागेकडे पाहिलं आणि तेवढं झाडून टाकलं.

घरी आल्या आल्या एम्मेट प्लेट धुवायला झराघरात गेला. ओडेसाही मागोमाग गेली. लाल दिव्याच्या उजेडात तो पातेल्यासारख्या ताटात काच हलवत होता आणि पाणी पुटपुटत होतं. हळूहळू घर वर आलं. दाराची शिळा, खिडक्या, भिंतीतला दगड न् दगड.

"हललीस," एम्मेट म्हणाला.

"नाही. मी हलले नाही."

"ही बघ ना."

दाराच्या डाव्या अंगाला, खड्ड्यात, धुराच्या लोटासारखं काहीतरी होतं. ना चेहरा, ना हात, ना निळा झगा. त्याच्या मागचे दगड त्यातून आरपार दिसत होते. शेजारी, तिनं जागा करून दिली होती तिथे, नुसती भिंत होती.

"मी शपथेवर सांगते, मी पापणीसुद्धा..."

"असू दे," एम्मेट म्हणाला. त्याला दुखवायचं नव्हतं, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. "तुला सवय नाही. ती कधीच हलायची नाही."

ओडेसा दार ढकलून बाहेर आली. उन्हानं डोळे दिपले, तरी ती तशीच धावत परसात गेली. आता हळूहळू वगैरे काही नको होतं. आता त्या सहाच्या सहा काचा उकळून, खरवडून, संपवून टाकायच्या होत्या. तिनं पेटीचं झाकण उचलून उन्हासमोर धरलं.

उन्हानं चित्रं खाल्ली होती. छपरं, भिंती, धुराडी, दारं, काही उरलं नव्हतं. पाच घरं आता जगात कुठेच नव्हती, ना टेकडीवर, ना काचेवर, आणि ते तिनंच केलं होतं. कोऱ्या काचेत ड्रुसिला एकटी उभी होती. सहाही काचांत, हात खाली सोडून, पहिल्याहून काळी, पहिल्याहून ठळक. ओडेसा एप्रिलभर रोज जे बघत बसली होती, ते तिच्याभोवतीचे दगड जाताना बघत होती.

तिनं अंगणातल्या कपडे उकळायच्या हंड्याखाली जाळ केला, सोडा ओतला आणि काचा आत टाकल्या. बाहुल्या सुटायला वेळ लागला. एकेक पातळ पापुद्रा वर आला, पाण्यात गरगर फिरला आणि विरघळला. काचा स्वच्छ निघाल्या. तिनं त्या गवतावर मांडल्या, पुन्हा पुन्हा उन्हाला धरून पाहिल्या, आणि मग खाली बसून हुंदके देऊन रडली. गेली, ती म्हणत होती, गेली एकदाची. घाम पुसायला तिनं बाही वर सारली.

डाव्या हातावर, मनगटाच्या वर, उन्हानं रापलेल्या कातडीत एक पांढरी खूण होती. बोटाच्या पेराएवढी. खाली एप्रनचा घेर, दोन्ही बाजूंना सोडलेले हात, वर मसुराएवढं तोंड.

तिनं ती जागा सोड्यानं चोळली, विटेच्या तुकड्यानं घासली, रक्त आलं. जखम भरली तेव्हा खूण जागच्या जागी होती.

मे महिन्यात विद्यापीठाचा माणूस आला. हॅचरांच्या घराची नवी प्लेट त्यानं बाजूला सारली. बाई पुसट आली आहे, म्हणाला. मग एम्मेटनं मिस पर्मेलियांच्या भिंतीवरचा फोटो मागून आणला आणि त्यावरून छापायचं ठरलं. शरदात पुस्तक आलं. देखणं होतं. शेवटच्या पानापर्यंत दाराशी ड्रुसिला होती.

ओडेसानं उन्हाळाभर लांब बाह्या घातल्या होत्या. शेंगा सोलताना एम्मेटनं एकदा विचारलं, "एवढ्या उकाड्यात हे काय?" आणि तिनं हात मागे घ्यायच्या आत त्यानं बाही वर केली. तो बराच वेळ बघत राहिला. हे काय, कसं झालं, काही विचारलं नाही. अंगठा त्या खुणेवरून हळूच फिरवला आणि हात हातातच ठेवला.

त्या दिवसापासून तो रोज दुपारी ओसरीवरच्या बाकावर तिच्याशेजारी बसतो आणि तिचा डावा हात हातात घेतो. लग्नानंतर चार वर्षांत त्यानं तिचा हात असा कधी धरला नव्हता. तिला कधीपासून हेच हवं होतं. ती हात काढून घेत नाही. काढून घ्यावा असं तिला रोज वाटतं, आणि तरी ती बसते. आता हिवाळा आहे, अंगावरचा रापलेपणा केव्हाच गेला, हात पूर्वीसारखा गोरा झाला. त्या गोऱ्या हातावर खूण अजून त्याहून पांढरी आहे.

परवा दुपारी बारीक बर्फ भुरभुरत होतं. एम्मेट बाकाच्या एका टोकाला होता, ती दुसऱ्या. त्याचे डोळे उघडे होते, काळं कापड नव्हतं, कॅमेरा नव्हता.

"थोडी सरक, ओडेसा," तो अगदी प्रेमानं म्हणाला. "तिला जागा दे."

"बरं, एम्मेट," ओडेसा म्हणाली, आणि सरकली.

आपण काय बोललो हे तिच्या लक्षात यायला जरा वेळ लागला. ती उठून आत आली. अंगावरची शाल काढली आणि न बघता भिंतीकडे हात नेला. हात बरोबर खुंटीवर पडला.